स्वतःला इजा करून घेणारी मुलं आणि वॉर्डातली सिस्टर: 'लक्ष दिलं की सवय लागते' हे कितपत खरं?

निशापाळी
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं सर्जरीच्या वॉर्डात काढल्यावर माझी बदली आता किशोरवयीन मुलांच्या मानसोपचार वॉर्डात झाली आहे. ड्रेसिंग मला नवीन नाही. पण जखम करणारं आणि जखम झालेलं माणूस एकच, आणि तेही चौदा-पंधरा वर्षांचं, हे नवीन आहे.

आल्या आल्या इनचार्ज सिस्टरांनी सांगितलं, "ड्रेसिंग करायचं आणि निघायचं. गप्पा नकोत. लक्ष मिळालं की पुन्हा करतात." मानसोपचाराचे डॉक्टर राउंडला येतात ते म्हणतात, "मुलांशी बोला, त्यांना एकटं पाडू नका." दोघांच्या मधे मी ट्रॉली धरून उभी. मुलांनाही हा गोंधळ कळतो. एका पाळीत हसून बोलणारी सिस्टर, दुसऱ्या पाळीत तोंड फिरवणारी.

ज्यांनी असं काम केलंय त्यांच्याकडून ऐकायचं आहे. नेमकं वागायचं कसं? ड्रेसिंग करताना काय बोलायचं? 'जीव द्यायचा विचार येतो का' असं थेट विचारावं, की त्याने उलट डोक्यात भरवल्यासारखं होतं? आणि वॉर्डात एक फॉर्म आहे, त्यात धोका कमी, मध्यम की जास्त यावर खूण करायची असते. ती करताना माझा हात अडतो, कारण मला खरंच सांगता येत नाही.

संपादक मंडळ
चर्चा महत्त्वाची आहे, चालू द्या. एकच विनंती: इजा कशी, कशाने केली याचे तपशील कुणीही लिहू नयेत. तसे प्रतिसाद संपादित केले जातील. हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आत्ता असं काही चालू असेल तर चर्चा संपायची वाट बघू नका. जवळच्या एखाद्या माणसाला सांगा, हेल्पलाइनला फोन करा किंवा सरळ तातडीच्या विभागात जा.

ट्रॉलीवाली
मी कॅज्युअल्टीतली, त्यामुळे माझ्याकडे मुलं ताज्या जखमेसह येतात. आधी शरीराचं बोलते, मनाचं सांगणारे येतीलच.

जखम कुणी केली याने उपचार बदलत नाहीत. रक्त थांबवणं, धुणं, बोटं हलतात का, स्पर्श कळतो का हे बघणं, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का विचारणं, सगळं अपघाताच्या पेशंटसारखंच. टाके घालायचे तर भूल द्यायचीच. 'स्वतः केलं तेव्हा दुखलं नाही, मग आता कसं दुखेल' असं बोलणारे लोक मी पाहिलेत. ही शिक्षा झाली, उपचार नव्हे. इजा करताना दुखणं जाणवलं नसेलही, पण टाक्यांच्या वेळी मूल पूर्ण भानावर असतं.

जखमेखेरीज आणखी कुठे लागलंय का, काही घेतलंय का, हे शांतपणे विचारायचं. मुलं आपणहून सांगत नाहीत. 'हो' म्हणालं तर मूल वरवर कितीही ठीक दिसो, डॉक्टरांना लगेच कळवायचं.

बाकी सगळा कारभार पडद्यामागे. बघ्यांची गर्दी नको. शिकाऊ मुलींना 'या, बघा' म्हणून बोलवायचं नाही. जुने वण मोजायचे नाहीत, मोठ्याने तर नाहीच. हाताला हात लावण्याआधी विचारायचं. प्रत्येक पायरी आधी सांगायची: आता धुणार आहे, थोडं झोंबेल. तुला बघायचंय की तिकडे तोंड करतोस, हे त्याला ठरवू द्यायचं. आणि हातात फोर्सेप असताना 'का केलंस रे असं?' हे विचारायचं नाही. त्याचं उत्तर त्या क्षणी त्याच्याकडेही नसतं.

अक्षरवाटा
+१. शेवटचा परिच्छेद छापून ड्रेसिंगच्या खोलीत लावावा.

सरळसोट
मी निवृत्त वॉर्ड सिस्टर. सगळे एका सुरात बोलतील म्हणून दुसरी बाजू मांडते.

निशापाळी, तुमच्या इनचार्ज दुष्ट नाहीत. वॉर्डात एकीने केलं की दोन दिवसांत दुसरी करते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. एकदा सिस्टर तासभर उशाशी बसली की बाकीच्या मुलींना रस्ता कळतो. आणि हे काही माझ्या पदरचं नाही. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) नावाची जी नावाजलेली उपचारपद्धती आहे, तिच्यातसुद्धा इजा केल्यावर चोवीस तास थेरपिस्टला फोन करायचा नाही असा नियम आहे ना? म्हणजे लक्ष काढून घेणं हा उपचाराचाच भाग झाला. माया करू नका असं म्हणत नाही. पण मायेलाही वेळ-काळ असतो.

पेन्सिलखुणा
सरळसोट, तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही, म्हणून जरा लांबून येते. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, काम बहुतेक याच वयाच्या मुलांबरोबर.

आधी ही मुलं असं का करतात ते बघू. यावर बरंच संशोधन झालंय. डेव्हिड क्लॉन्स्की यांनी २००७ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सगळ्यात जास्त आढळलेलं कारण होतं, असह्य झालेली भावना खाली आणणं. त्याखालोखाल स्वतःला शिक्षा करणं. दुसऱ्यावर परिणाम घडवणं हेही कारण सापडतं, पण बरंच कमी. मुलंही साधारण हेच सांगतात: आत काहीतरी इतकं तुंबतं की त्या क्षणी दुसरं काही सुचत नाही, आणि केल्यावर थोडा वेळ शांत वाटतं. पुन्हा पुन्हा घडतं ते मुख्यतः या शांततेमुळे. सिस्टर दोन शब्द बोलली म्हणून नव्हे. सिस्टर नसलेल्या घरातही, दार लावून, कुणाला पत्ता न लागू देता हेच चालू असतं. ज्याला नुसतं लक्षच हवंय तो महिनोन्‌महिने कशाला लपवेल?

आणि ही मुलं मूठभर नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतले अभ्यास एकत्र करणाऱ्या एका विश्लेषणात किशोरवयातल्या साधारण १७ टक्के मुलांनी जीव देण्याचा हेतू नसताना कधी ना कधी स्वतःला इजा केल्याचं आढळलं. वॉर्डापर्यंत येतात ती त्यातली थोडी.

आता चोवीस तासांचा नियम. मार्शा लिनेहन यांनी डीबीटी उभी केली, तिच्या मूळ रूपात तो आहे हे खरं. पण तो पूर्ण वाचा. पेशंट बाहेर राहतो, उपचाराला त्याने स्वतः होकार दिलेला असतो, हा नियम त्याला पहिल्या दिवसापासून माहीत असतो. बंद होतो तो फक्त थेरपिस्टचा कोचिंगचा, म्हणजे अडचणीत काय करायचं ते सुचवण्याचा, फोन. जखमेवरचे उपचार बंद होत नाहीत, आणि जीव धोक्यात असेल तर हा नियम बाजूलाच राहतो. शिवाय नियमाची दुसरी अर्धी बाजू अशी, की इजा करण्यापूर्वी, ऊर्मी आली की फोन कर, मी उचलीन. आपण वॉर्डात पहिली बाजू उचलतो, दुसरी विसरतो. रात्री मूल काउंटरवर येऊन "सिस्टर, झोप येत नाही" म्हणतं तेव्हा आपण "जा, पड जाऊन" म्हणतो. तासाभराने जखम घेऊन येतं तेव्हा सगळा स्टाफ धावतो. मग ते मूल काय शिकलं?

म्हणून माझं म्हणणं असं: जखमेच्या वेळचं लक्ष कमी करून काही साधत नाही. एरवीचं वाढवावं लागतं. प्रत्येक मुलाला दिवसातून ठरलेली दहा मिनिटं, जखम असो वा नसो. ती दहा मिनिटं त्याला कमवावी लागू नयेत. ड्रेसिंगच्या वेळी वागणं साधं, उबदार आणि कामापुरतं. रागावणं नाही, तसंच गळा काढणंही नाही. "बरं झालं दाखवलंस. आधी हे स्वच्छ करू. मग संध्याकाळी बसून बोलू." आणि संध्याकाळी खरंच बसायचं. एकीचं बघून दुसरी करते, त्या तुमच्या 'संसर्गाच्या' मुद्द्यावर वेगळं लिहिते.

सरळसोट
दुसऱ्या अर्ध्या बाजूची मला माहिती नव्हती. पण संसर्गाचं काय, ते लिहाच.

पेन्सिलखुणा
तो खरा आहे. या वयात मुलं एकमेकांकडून फार पटकन उचलतात. पण त्यावरचा इलाज म्हणजे जखमी मुलाशी अबोला नव्हे. ड्रेसिंग सगळ्यांसमोर खाटेवर न करता वेगळ्या खोलीत करा. गटाच्या बैठकीत जखमा, वण, कुणी कसं केलं हे विषय येऊ देऊ नका. भावना येऊ द्या, पद्धती नकोत. बाकीच्या मुलांनी पाहिलं असेल तर झाकपाक न करता एवढंच सांगा: तिला त्रास झाला होता, तिच्यावर उपचार केलेत, तुमच्यातल्या कुणाला हे बघून कसंतरी होत असेल तर मला येऊन सांगा. बहुतेक वेळा कुणीतरी येतंच.

निशापाळी
काउंटरवरचं अगदी आमच्याकडचं लिहिलंत. थेट विचारण्याबद्दल कुणी सांगेल का?

ट्रॉलीवाली
विचारायचं. सरळ शब्दांत. "हे करताना मरून जावं असं मनात होतं का? आत्ता आहे का?"

मलाही आधी भीती वाटायची. आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक अभ्यास दाखवला होता, २००५ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधला. २३४२ विद्यार्थी. अर्ध्यांना पहिल्या प्रश्नावलीत आत्महत्येबद्दल विचारलं, अर्ध्यांना नाही. ज्यांना विचारलं त्यांच्यात नंतर त्रास किंवा तसे विचार वाढलेले दिसले नाहीत. आधीपासून नैराश्यात असलेल्या मुलांनाही विचारल्याने अपाय झाला नाही.

आणि प्रत्येक वेळी विचारायचं. मागच्या वेळी 'नाही' म्हणाला म्हणून या वेळी गृहीत धरायचं नाही. जीव देण्याचा हेतू नसलेली इजा वेगळी असते हे बरोबर, पण ज्याने अशी इजा केलीय त्याला पुढे आत्महत्येचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हेही तितकंच बरोबर. दोन्ही गोष्टी एकाच मुलात आलटून पालटून असू शकतात.

पेन्सिलखुणा
फॉर्मबद्दल: तुमचा हात अडतो ते योग्यच आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये स्वतःला इजा करण्याबाबतची मार्गदर्शक तत्त्वं नव्याने काढली. त्यात स्पष्ट म्हटलंय की पुढे आत्महत्या होईल का, पुन्हा इजा होईल का याचं भाकीत करायला असे गुण देणारे तक्ते वापरू नका, आणि कमी-मध्यम-जास्त अशी वर्गवारी करून कुणाला उपचार द्यायचे हेही ठरवू नका. 'कमी' असा शिक्का बसलेली मुलंही दगावतात. त्याऐवजी या मुलाच्या आयुष्यात काय चाललंय, काय घडलं की ऊर्मी येते, कशाने उतरते, कोण जवळचं आहे, हे विचारून त्याच्या गरजा लिहायच्या. फॉर्म भरणं भाग असेल तर भरा, पण खाली चार ओळी स्वतःच्या लिहा. पुढच्या पाळीला त्या चार ओळीच उपयोगी पडतात.

त्याच तत्त्वांमध्ये हेही आहे की इजा कमी करण्यासाठी म्हणून खास औषध देऊ नये. सोबत नैराश्य असेल तर त्याचे उपचार वेगळे. भावना आवरत नाहीत आणि वारंवार इजा होते अशा मुलांसाठी डीबीटीचं किशोरवयीन रूप विचारात घ्यावं असं म्हटलंय.

खुर्चीवाला
मी पुरुष परिचारक. वॉर्डात माझी ओळख 'खुर्चीवाला दादा', कारण सततची देखरेख लागली की दाराशी खुर्ची टाकून मीच बसलेलो असतो.

देखरेखीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. एका हाताच्या अंतरावर कुणीतरी आठ तास बसणं, बाथरूमचं दारसुद्धा पूर्ण लावू न देणं, हे मुलाच्या जागी बसून बघा. कधीकधी लागतंच, त्याला इलाज नाही. पण नुसतं टक लावून बसणं म्हणजे पहारा. मी पत्ते घेऊन बसतो. काही मुलं खेळतात, काही चित्रं काढतात, एकाने मला अख्खं बीजगणित शिकवलं (मला अजूनही येत नाही). किती वेळ आणि कशासाठी हे मुलाला आधी सांगतो, आणि दर पाळीला डॉक्टरांना विचारतो की अजून लागणार आहे का. कारण ही देखरेख सुरू करायला एक सही पुरते, बंद करायला कुणी पुढे येत नाही.

सामानाची झडतीही तशीच. मुलाच्या समोर, सांगून, त्याच्या वस्तू नीट परत ठेवून. उलथंपालथं करून नाही.

इंग्लंडमध्ये सेफवॉर्ड्स म्हणून एक काम झालंय, लेन बॉवर्स आणि सहकाऱ्यांचं. ३१ वॉर्डांवर प्रयोग केला, निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले. प्रौढांचे वॉर्ड होते, मुलांचे नव्हते, हे लक्षात ठेवून वाचा. दहा साध्या गोष्टी होत्या. ज्या वॉर्डांनी त्या केल्या तिथे इजा, भांडणं, पळून जाणं अशा घटना साधारण १५ टक्क्यांनी घटल्या, आणि बांधून ठेवणं, कोंडणं, जबरदस्तीने इंजेक्शन देणं असे प्रकार २६ टक्क्यांनी. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे वाईट बातमीवर नजर ठेवणं. आज कुणाची सुट्टी रद्द झाली, कुणाला घरून फोन येणार होता तो आला नाही, कुणाचे भेटायला येणारे आले नाहीत, याची दखल पाळी बदलतानाच्या हँडओव्हरमध्येच घ्यायची आणि मूल बिथरायच्या आधी त्याच्याजवळ जायचं. आमच्याकडे इजेच्या घटना भेटीच्या वेळेनंतर जास्त होतात. ते कळल्यापासून मी जेवायची सुट्टी पुढे ढकललीय.

शेवटचा_बाक
मी पेशंट होते. आता बरीच वर्षं झाली. इथे लिहावं का विचार करत होते.

मी लक्ष वेधून घेते असं माझ्यासमोर बोललं जायचं, मला ऐकू येत नसल्यासारखं. त्याचा परिणाम इतकाच झाला की मी दाखवणं बंद केलं. जखमा चिघळल्या, ताप आला, तेव्हा कळलं सगळ्यांना. म्हणजे वॉर्डाच्या वहीत माझ्या घटना कमी झाल्या होत्या आणि सगळे खूश होते.

एक सिस्टर होत्या, त्या फार बोलायच्या नाहीत. ड्रेसिंगला आल्या की विचारायच्या, "आज कुठला हात आधी?" बस. पण तेवढा एकच निर्णय दिवसभरात माझ्याकडे असायचा. आणि कधीच "प्रॉमिस कर, पुन्हा करणार नाहीस" असं म्हणाल्या नाहीत. "पुन्हा वाटलं तर आधी माझ्याकडे ये. आणि आधी जमलं नाही तर नंतर तरी ये," असं म्हणायच्या.

'आधी' यायला मला खूप वेळ लागला. 'नंतर' मात्र दर वेळी गेले.

ट्रॉलीवाली
शेवटचा_बाक, लिहिलंत हे फार बरं केलंत. वहीत घटना कमी होणं आणि मूल बरं होणं यातला फरक आमच्या ऑडिटवाल्यांना दाखवायला हवा.

दारामागे
मी आई आहे. मुलगी पुढच्या आठवड्यात घरी येतेय. मी तिला माझ्या गळ्याची शपथ घातली होती, तिने घेतलीही. आता वरचं वाचून वाटतंय की ते चुकलं का? रोज हात तपासू का? घरातलं सगळं कुलपात ठेवू का? धाकट्याला काय सांगू?

पेन्सिलखुणा
ताई, आईच्या तोंडून अशी शपथ निघणं अगदी साहजिक आहे. पण 'पुन्हा करणार नाही' असं वदवून किंवा लिहून घेतल्याने धोका कमी होतो याला पुरावा नाही. आणि शपथ मोडली की मूल तुम्हाला सांगणार नाही, कारण आता तिच्या दुःखात तुमच्या जिवाचं ओझंही आलं. तिला सांगून टाका: ती शपथ मी मागे घेतली. तू ठीक नसशील तर मला कळलेलं हवं, मी ओरडणार नाही.

शपथेऐवजी सुरक्षा योजना करा. बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राउन यांनी मांडलेली पद्धत बऱ्याच ठिकाणी वापरतात. मुलीच्याच शब्दांत एका कागदावर लिहायचं: बिनसायला लागलं की मला आधी काय जाणवतं, तेव्हा मी एकटीने काय करू शकते, कुणाकडे किंवा कुठे गेलं की मन दुसरीकडे वळतं, मदत मागायची तर कुणाला, कुठल्या डॉक्टरांना किंवा हेल्पलाइनला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसं करायचं. डिस्चार्जच्या आधी वॉर्डातच हे करून मागा, तुम्हीही सोबत बसा. घरी गेल्यावरची पहिली भेट किंवा फोन कधी, हेही विचारून घ्या.

औषधं, मोठ्यांचीसुद्धा, कुलपात ठेवा आणि तुमच्या हाताने द्या. धोक्याच्या इतर वस्तूही आवरा. पण तिला सांगून. रोज हात तपासू नका. तिला ती झडतीच वाटेल, आणि लपवायला जागा शोधली जाईल. आठवड्यातून एकदा जुन्या जखमा बघायला सिस्टरांकडे किंवा डॉक्टरांकडे जायचं ठरवा. धाकट्याला वयानुसार खरंच सांगा: ताईला मनाचा त्रास आहे, उपचार चालू आहेत, तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि तिच्यावर पाळत ठेवणं तुझं काम नाही.

खुर्चीवाला
यात एक भर. मुलगी म्हणाली "तुला एक सांगते, कुणाला सांगू नकोस," तर आधीच हो म्हणू नका. स्टाफलाही हेच लागू. "जिवाला धोका असेल असं काही असलं तर मला सांगावं लागेल, पण कुणाला आणि काय सांगायचं ते तुझ्याशी बोलून ठरवू."

दारामागे
आभार. शपथ मागे घेतली. ती आधी काही बोलली नाही, मग म्हणाली, बरं.

निशापाळी
सगळे प्रतिसाद पुन्हा पुन्हा वाचले. दहा मिनिटांची कल्पना इनचार्ज सिस्टरांपुढे मांडली. त्यांनी ऐकून घेतलं, पण म्हणाल्या, रात्री आपण दोघीच असतो, कुठून आणणार प्रत्येकाला दहा मिनिटं? आणि त्यांचं चुकतंय असंही नाही. शिवाय एक कबूल करते: काही रात्री मला त्या मुलांचा रागच येतो. तासभर खपून ड्रेसिंग करावं आणि पहाटे ते सगळं उपसलेलं दिसावं.

पेन्सिलखुणा
तो राग सगळ्यांना येतो, थेरपिस्टनाही. आम्हाला तो बोलायला दर आठवड्याला सुपरव्हिजन, म्हणजे अनुभवी सहकाऱ्याबरोबर आपल्या कामाबद्दल बोलणं, असतं, नर्सिंगला बहुतेक ठिकाणी नसतं. तो बोलला गेला नाही की पेशंटवर तरी निघतो, नाहीतर पलीकडच्या पाळीवर. तुमच्या वॉर्डात 'चांगली सिस्टर, वाईट सिस्टर' झालंय ते बऱ्याच अंशी त्यामुळेच असावं. महिन्यातून एकदा डॉक्टरांसह सगळ्या पाळ्यांचा स्टाफ एकत्र बसवता आला तर बघा. विषय पेशंटचा नको, आपलाच.

सरळसोट
रात्रीच्या दहा मिनिटांचं मी सांगते, ते मी खूप केलंय. रात्री दहा मिनिटं कुणालाच मिळत नाहीत, म्हणून ती संध्याकाळी आठच्या औषधाच्या राउंडला जोडायची. तेव्हा दोन पाळ्यांची माणसं एकत्र असतात. गोळी दिली की निघायचं नाही. खाटेवर टेकायचं, दोन-तीन मिनिटं बोलायचं. दहा नाही जमली तरी रोजची तीन चालतात, पण रोजची हवीत. आणि सुरुवात त्या दिवशी ज्यांच्या अंगावर नवी जखम नाही त्यांच्यापासून करायची. जखमवाल्यांचा नंबर शेवटी, पण त्यांच्याजवळही बसायचं तेवढाच वेळ. इनचार्ज नाही म्हणाल्या तर सांगा, एका निवृत्त खडूस सिस्टरने सुचवलंय.